वास नसलेला डबा

पेंट शॉपला नवा पोरगा लागला की पहिल्या दिवशी आम्ही त्याला थिनरची भीती घालायचो. उघडा ड्रम हुंगू नको, डोकं धरतं, संध्याकाळी भाकर गोड लागत नाही. हार्डनरबद्दल, म्हणजे रंग पक्का व्हायला त्यात मिसळतात त्या दुसऱ्या डब्याबद्दल, कुणी काही बोलायचं नाही. बोलायचं काय? लहानसा डबा, आत पातळ मधासारखं काहीतरी पारदर्शक, आणि थिनरच्या मानानं वास जवळपास नाहीच. चार माप रंगाला एक माप हार्डनर, काठीनं ढवळायचं, वरून थिनर घालून कपातून किती सेकंदांत गळतंय ते बघायचं, की झालं. मी स्वतः कितीतरी पोरांना हे मिक्सिंग शिकवलं. हाताला लागलं तर थिनरच्या बोळ्यानं पुसायचं, हेही मीच शिकवलं.

माझं गाव लातूर जिल्ह्यात, अहमदपूरच्या बाजूला. आयटीआयला पेंटर जनरलचा ट्रेड केला आणि २००९ साली भोसरीत आलो. पहिली सात वर्षं लोखंडी पार्ट मारले. तो रंग भट्टीत १४० डिग्रीला पक्का व्हायचा, त्याला हार्डनर लागत नव्हता. २०१६ मध्ये कंपनीला दुचाकीच्या प्लास्टिक पार्टची ऑर्डर मिळाली, साइड पॅनल आणि मडगार्ड. प्लास्टिक १४० डिग्रीत घातलं तर त्याचा पापड होतो, म्हणून ऐंशी डिग्रीला सुकणारा दोन डब्यांचा रंग आला. त्याला सगळे पीयू म्हणतात, म्हणजे पॉलियुरेथेन. चकाकी अशी की पॅनलमध्ये बघून भांग पाडावा. बूथवरच्या, म्हणजे फवारणीच्या खोलीतल्या, पेंटरला दिवसाला साठ रुपये जादा मिळायला लागले आणि मी खुशीनं बूथवर गेलो. खोटं कशाला सांगू, मला त्या कामाचा गर्व होता. माझ्या हातचा पार्ट रिवर्कला फार कमी यायचा.

मास्क होता. नव्हता असं नाही. अर्ध्या तोंडाचा, दोन्ही गालांवर कार्बनच्या गोल डब्या असलेला. डब्या कधी बदलायच्या, तर आतून वास यायला लागला की, असं सगळेच सांगायचे. शिवाय पॅनल मारून झालं की गन खाली ठेवायची, मास्क कपाळावर सरकवायचा आणि पॅनल उजेडात तिरकं धरून बघायचं, कुठं ओघळ आलाय का, संत्र्याच्या सालीसारखं दिसतंय का. मास्क तोंडावर असला की ते नीट जमत नाही. समोर पाण्याचा पडदा वाहतोय, पंखा ओढतोय, म्हणजे सगळं बाहेर जातंय अशी आमची समजूत. फवारा थांबल्यावरही ते बारीक तुषार बराच वेळ हवेतच तरंगतात, हे मला चार वर्षांनी एका डॉक्टरकडून कळलं.

२०१७ च्या दिवाळीनंतर खोकला लागला. कोरडा. गंमत म्हणजे कामावर तो नसायचा, आणि सगळा घोळ इथंच झाला. फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटायची. रूमवर येऊन चहा घेईपर्यंत मी ठणठणीत. आठ-नऊला घसा खवखवायचा, आणि रात्री दोनला उठून भिंतीला टेकून बसायचो. छातीत कुणीतरी बारीक पिपाणी वाजवतंय असा आवाज. सकाळी पुन्हा जरा बरं वाटून कामावर. ज्याचा त्रास कामावर होत नाही तो कामाचा कसा म्हणायचा? मी नाही म्हटला, बायको नाही म्हणाली, आणि दोन वर्षांत ज्या चार डॉक्टरांना दाखवलं त्यांनीही नाही म्हटला.

त्यांच्यातल्या एकानं ॲलर्जीची रक्ततपासणी करायला लावली. यादी भली मोठी होती, झुरळापासून शेंगदाण्यापर्यंत. धुळीतल्या किड्यांसमोर अधिकचं चिन्ह आलं. झालं, धुळीची ॲलर्जी. मग गाद्या उन्हात घाल, पंखे पूस, झाडताना बाहेर जाऊन बस. बायकोनं घर इतकं पुसलं की फरशीची डिझाइन जायची बाकी राहिली. त्या यादीत मी दिवसभर जे मारत होतो त्याचं नावच नव्हतं, हे बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. निळा पंप मिळाला, दम लागला की ओढायचा. जास्त झालं की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात डेरिफायलिनचं इंजेक्शन.

गावाकडं आईचं वेगळंच. मृग लागला की हैदराबादला जिवंत मासोळीतून दम्याचं औषध देतात, त्याला आमच्या भागातून गाड्या भरून लोक जातात. आई माळकरी. मासोळी म्हटल्यावर तिचा जीव खालीवर, पण कुणीतरी तिला सांगितलं की न खाणाऱ्यांना ते गुळातून देतात. २०१९ च्या जूनमध्ये आम्ही गेलो. रात्रभर रांगेत उभे राहिलो, गुळाची गोळी गिळली, परत आलो. पुढचे आठ दिवस मी खरंच बरा होतो. आई आजही त्या गुळाचं नाव काढते. मी तिला कधी सांगितलं नाही की त्या आठ दिवसांत मी बूथवर नव्हतो.

कंपनीत वर्षातून एकदा मेडिकलची गाडी यायची. छातीचा एक्स-रे, रक्त, डोळे, शिक्का : फिट. दम्याच्या माणसाचा एक्स-रे बहुतेक वेळा स्वच्छच येतो, हे आता माहीत झालंय. चार मार्चला सुरक्षा दिनाची शपथ व्हायची. एकदा पोस्टर स्पर्धेत मला स्टीलचा डबा बक्षीस मिळाला होता. विषय होता हेल्मेट.

आता लॉकडाऊनचं सांगतो. लोकांचं त्यात फार गेलं, पण माझं निदान त्यातून झालं. जनता कर्फ्यूच्या आदल्या रात्री, २१ मार्च २०२० ला, आम्ही सात जण एका जीपमध्ये कोंबून गावी पोचलो. ज्वारीची खळी चालू होती, हरभऱ्याचं भुसकट उडत होतं, घरात चूल. धुळीची ॲलर्जी म्हणून ज्यांनी ज्यांनी जे जे टाळायला सांगितलं होतं ते सगळं तिथं पोत्यानं होतं. पहिला आठवडा त्रास झाला. दुसऱ्या आठवड्यात रात्री एकदाच उठलो. आणि तिसऱ्या आठवड्यात विहिरीवरून येताना ध्यानात आलं की पंप खिशात नाही, आणि तो नाही हे सकाळपासून आठवलंही नाही. विहिरीवरून घरापर्यंत चढ आहे. तो मी घागर घेऊन चढलो होतो.

तीन महिने असे गेले. जूनच्या शेवटी ई-पास काढून परत आलो. कंपनी अर्ध्या माणसांत चालू होती, मागणी तुंबलेली, बूथवर मी एकटा. पहिल्याच दिवशी पूर्ण शिफ्ट मारली. रात्री अकराला जे सुरू झालं ते आयुष्यात तसं झालं नव्हतं. बसून, ओणवं होऊन, खिडकीचे गज धरून. आणि २०२० च्या त्या दिवसांत भाड्याच्या खोलीत रात्रभर खोकणारा माणूस म्हणजे काय, हे ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली. घरमालकानं खालून ओरडून सांगितलं, सकाळी तपासणी करून या, नाहीतर सामान उचला. नाकात काडी घालून झाली : निगेटिव्ह. कंपनीनं चौदा दिवस घरी बसवलं, मी बरा झालो. कामावर गेलो, त्याच रात्री पुन्हा. पुन्हा काडी, पुन्हा निगेटिव्ह. तिसऱ्या वेळी छातीचा स्कॅन केला, त्यात कोरोनाचा स्कोअर शून्य. सुपरवायझर म्हणाला, "तुझं काय आम्हाला कळत नाय बाबा. एकदा पॉझिटिव्ह तरी ये."

तो स्कॅन घेऊन पिंपरीतल्या एका छातीच्या डॉक्टरांकडं गेलो. प्लास्टिकच्या पडद्यामागं बसलेले, डोळ्यांवर गॉगल. माझी सगळी फाइल त्यांनी बाजूला ठेवली आणि विचारलं, "लॉकडाऊनमध्ये कुठं होतात?"

"गावी."

"पंप किती लागला?"

मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "काम काय करता?" हा प्रश्न तोपर्यंत कुणी विचारला नव्हता असं नाही. विचारला होता, पण केसपेपरवर नाव-वय-धंदा भरायला. उत्तर ऐकून पुढचा प्रश्न कुणी केला नव्हता. यांनी केला. कुठला रंग? दोन डब्यांचा आहे का? हार्डनर घालता? त्रास कामावर होतो की घरी आल्यावर? मी म्हटलं, साहेब, कामावर नाही होत, म्हणून तर. तेव्हा त्यांनी समजावलं की काही रसायनांची ॲलर्जी लगेच उठत नाही. चार ते आठ तासांनी छाती आवळते. दिवसा घेतलेलं रात्री भेटतं.

पण त्यांच्या म्हणण्यावर काही ठरणार नव्हतं, आकडे पाहिजे होते. त्या वेळी कोरोनामुळं फुंकायची मशीनं बहुतेक ठिकाणी बंद होती, फुंकलं की हवेत सगळं उडतं म्हणून. "आपण घरीच करू," ते म्हणाले आणि पीक फ्लो मीटर लिहून दिलं. प्लास्टिकची नळी, वर काटा सरकायची पट्टी. उभं राहायचं, छाती भरून श्वास घ्यायचा, एका झटक्यात फुंकायचं. तीनदा, आणि तिन्हींत जास्तीचा आकडा लिहायचा. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत दर दोन तासांनी, चार आठवडे : दोन आठवडे कामावर असताना, दोन आठवडे पूर्ण रजेवर. त्या काळात रोजचं औषध कमी-जास्त करायचं नाही. निळा पंप ओढला तर वेळ लिहायची.

दोनशे पानी वही आणली, ताईच्या पोराकडून रकाने आखून घेतले. कामावर फुंकणं हीच मोठी परीक्षा होती. सगळे त्याला पिपाणी म्हणायचे. "वाजव की रे, वरात कधी निघणार?" जेवणाच्या सुट्टीत मी कँटीनमागं जाऊन फुंकायचो. एका मित्रानं जवळ येऊन हळूच सांगितलं, कमी कमी लिही, पैसे मिळतात म्हणे. हे मी डॉक्टरांना हसत हसत सांगितलं, तर तेही हसले. म्हणाले, घरी बसून लिहिलेली वही ओळखू येते. तिच्यात सगळे आकडे शून्यावर संपतात आणि रोज एकाच वेळेला असतात. तुमच्या वहीत मंगळवारी दुपारचा रकाना रिकामा आहे आणि कडेला चहाचा डाग आहे.

कामाच्या दिवसांत उठल्यावर ३८०-३९० असायचं, साडेतीनला ३४०, रात्री दहाला २६०-२७०. माझ्या उंची-वयाला पाचशेच्या आसपास पाहिजे होतं. दुसरा आठवडा संपेस्तोवर सकाळचा आकडाच ३३० वर आला होता. मग महालक्ष्म्यांसाठी गावी गेलो. ऑगस्टचा शेवट, सोळा दिवसांची बिनपगारी रजा. तिसऱ्या दिवशी ३५०. आठव्या दिवशी ४३०. चौदाव्या दिवशी सकाळी ४९०, आणि रात्रीही ४८०. वाड्यात उभा राहून फुंकत होतो तेव्हा आई देवाजवळ बसली होती. तिला वाटलं मी काही व्रत करतोय.

त्या वहीतली एक गोष्ट मला अजून डोळ्यांसमोर दिसते. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. कंपनीच्या डॉक्टरांनी वही बघून आधी गुरुवारांवरच बोट ठेवलं होतं : "सुट्टीच्या दिवशीही तुझा आकडा कमीच आहे. म्हणजे कामाचा संबंध नाही." मला ते पटलंही होतं. पहिल्या वर्षी गुरुवारी रात्री मला गाढ झोप लागायची. नंतर नंतर गुरुवार आणि बुधवार सारखेच झाले. छातीच्या डॉक्टरांनी तेच पान उलटं वाचून दाखवलं. आजार नवीन असतो तेव्हा एका सुट्टीत नळ्या मोकळ्या होतात. जुना झाला की एका दिवसानं काही होत नाही, आठ-दहा दिवस लागतात. गुरुवार सपाट झाले, कारण दुखणं मुरलं होतं. सहा दिवसांचं कर्ज एका दिवसात फिटत नाही, असं ते म्हणाले, आणि हे मला लगेच कळलं, कर्जाचं गणित आमच्या घरी सगळ्यांना येतं.

त्यांना डब्यात काय आहे त्याचा कागद हवा होता. प्रत्येक केमिकलचा सोळा भागांचा माहितीपत्रक असतो, एमएसडीएस म्हणतात. आमच्याकडं तो होता, सुपरवायझरच्या कपाटात, हिरव्या फाइलमध्ये. ऑडिटच्या दिवशी बाहेर निघायचा, संध्याकाळी परत आत. मागितला तर "तुला काय करायचाय?" शेवटी मी रिकाम्या डब्याच्या लेबलचा फोटो काढला. लेबलवर बारीक अक्षरांत होतंच सगळं. हेक्सामेथिलीन डायआयसोसायनेट. आणि खाली एच ३३४ असा आकडा, ज्याचा अर्थ : श्वासावाटे गेल्यास ॲलर्जी, दमा किंवा श्वासाचा त्रास होऊ शकतो. तो डबा मी चार वर्षं रोज हातात धरला होता.

आयसोसायनेट हा शब्द मी आधी एकदाच ऐकला होता, भोपाळच्या संदर्भात. तोंडाला कोरड पडली. डॉक्टरांनी आधी ती भीती काढली. भोपाळला १९८४ च्या डिसेंबरात फुटला तो मिथाइल आयसोसायनेट, फार लवकर वाफ होणारा. तुमचा हा त्याच भावकीतला, पण जड, तो एका रात्रीत गाव मारत नाही. हा एकेका माणसाला गाठतो. आठ पेंटरांतल्या एखाद्याच्याच शरीराला त्याची ओळख पटते. कुणाच्या, ते आधी सांगता येत नाही. ओळख पटायला महिने लागतात, कधी वर्षं. पण एकदा पटली की मग अगदी किंचित मात्राही पुरते, इतकी की नाकाला त्याचा पत्ताही लागत नाही. डब्यातून जो थोडाफार वास येतो तो त्यातल्या सॉल्व्हंटचा. खुद्द आयसोसायनेटचा वास जाणवेपर्यंत तो मर्यादेच्या कितीतरी वर गेलेला असतो. म्हणजे आम्ही मास्कच्या डब्या वासावरून बदलत होतो ते चुकीचंच होतं. या कामाला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा, नळीचा मास्क लागतो. तो आमच्या कंपनीत मी चित्रातसुद्धा पाहिला नव्हता.

मी विचारलं, तो मास्क मिळाला तर काम करता येईल?

"तुम्हाला नाही. तुम्ही बूथच्या जवळपासही नको. आणि लवकर सोडलंत तर निम्मं-अर्धं तरी परत मिळेल. वर्ष काढलंत तर सांगता येत नाही." मी पगाराचं काही बोललो असेन. ते म्हणाले, "छप्पर गळतंय तिथं मी रोज फरशी पुसत बसू का?"

इथून पुढं दुसरंच दुखणं सुरू झालं. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं : ऑक्युपेशनल अस्थमा, म्हणजे कामामुळं झालेला दमा. हा एक शब्द जादा आल्याबरोबर सगळ्यांची तोंडं बदलली. अस्थमा असेल तर तो माझा, माझ्या नशिबाचा, माझ्या खानदानाचा. ऑक्युपेशनल म्हटलं की तो त्यांचा. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, दवाखान्यात पहिल्यांदा गेलो तर तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी वाचून आपल्या कागदावर नुसतं 'ब्रॉन्कियल अस्थमा' लिहिलं. मी म्हटलं, साहेब, एक शब्द राहिला. ते म्हणाले, औषध तेच आहे, तुला शब्द कशाला पाहिजे?

कंपनीनं आधी मला बूथवरून काढून मास्किंगच्या टेबलावर बसवलं, जिथं रंग नको त्या भागाला टेप लावायची. टेबल बूथपासून बारा फुटांवर. आकडा होता तिथंच राहिला. स्टोअरला टाका म्हटलं तर ती जागा परमनंटची, मी ठेकेदाराच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर. ठेकेदारानं एक छापील कागद पुढं केला : 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा'. सही केली की हिशेब आजच. बायको बाळंतपणाला आलेली, हातात रुपया नाही. मी खिशातून पेन काढलं होतं. शेजारच्या कंपनीत युनियनचं काम करणारे एक काका होते, त्यांना सहज फोन केला म्हणून वाचलो. ते एवढंच म्हणाले, "मर, पण सही करू नको. आजारी रजेचा भत्ता घे. ईएसआय कायद्याचं कलम ७३ आहे, त्या काळात काढता येत नाही."

काकांनीच कायदा दाखवला. तेव्हा लागू असलेला फॅक्टरी ॲक्ट, १९४८ चा. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात सरकारला कळवायलाच पाहिजेत अशा आजारांची यादी होती, आणि आयसोसायनेटची बाधा तिच्यात नाव घेऊन होती. कारखानदारानंही कळवायचं आणि तपासणाऱ्या डॉक्टरानंही, कलम ८९. तेव्हाच्या ईएसआय कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कामामुळं होणारा दमा होता, आणि कलम ५२-ए म्हणायचं की अशा कामावर सलग सहा महिने असलेल्या माणसाला तो झाला तर तो कामावरचा अपघात धरायचा, उलट सिद्ध होत नाही तोवर. म्हणजे सिद्ध करायचं ओझं माझ्यावर नव्हतंच. हे वाचून मी त्या रात्री जेवलो.

पण सलग सहा महिने! ठेकेदार दर अकरा महिन्यांनी बदलायचा. गन तीच, बूथ तोच, मस्टर नवं. आणि प्रत्येकानं माझा नवा ईएसआय नंबर काढलेला. खरं तर एका माणसाला एकच नंबर आयुष्यभर पाहिजे. माझ्या नावावर तीन निघाले, त्यांतल्या एकात बापाचं नाव चुकलेलं. ऑफिसच्या हिशेबानं मी तीन वेगवेगळे कामगार होतो आणि तिघांनाही धड दमा नव्हता. वाचवलं पीएफनं. त्याचं पासबुक एकाच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवर, सलग दिसत होतं, महिन्यामागून महिना. ते छापून, पगाराच्या चिठ्ठ्या जोडून, तिन्ही नंबर एक करायला सात महिने गेले. त्या सात महिन्यांवर मी आणखी लिहू शकतो, पण खिडकी, टोकन, "साहेब मीटिंगमध्ये आहेत" हे सगळ्यांनाच पाठ आहे.

अर्ज नोव्हेंबर २०२० चा. मेडिकल बोर्ड बसलं २०२२ च्या उन्हाळ्यात. मधल्या काळात आजारपणाचा भत्ता मिळाला, पगाराच्या सत्तर टक्के, तोही एक्क्याण्णव दिवसच. नंतर मेव्हण्याच्या जिवावर. बोर्डात टेबलापलीकडं डॉक्टर बसले होते. तोवर फुंकायची मशीनं सुरू झाली होती, माझा रिपोर्ट जोडलेला होता. पण जवळजवळ दोन वर्षं बूथपासून लांब असल्यानं तो बराच सुधारलेला. त्यातल्या एकानं तेच काढलं : आता तर बरा दिसतोस. मी वही पुढं सरकवली. दुसऱ्या डॉक्टर, बाई होत्या, त्यांनी ती पहिल्या पानापासून चाळली. गुरुवारांपाशी थांबल्या. महालक्ष्म्यांच्या पानावर मी कडेला 'पुरण झालं, पंप नाही' असं लिहिलं होतं, ते वाचून त्यांनी माझ्याकडं बघितलं. काही बोलल्या नाहीत.

कमाईची ताकद वीस टक्के गेली, असा निकाल. माझा पगार होता सोळा हजार चारशे. त्याच्या नव्वद टक्क्यांच्या वीस टक्के, म्हणजे महिन्याला तीन हजारांच्या थोडं आत, आयुष्यभर. थोडं आहे. पण दर महिन्याला पैसे खात्यात पडल्याचा मेसेज येतो तेव्हा मला पैशांपेक्षा तो राहिलेला शब्द मिळाल्यासारखं वाटतं.

काम मात्र गेलं. आयटीआयचा ट्रेड, अकरा वर्षांचा हात, सगळं. गावी पिठाची गिरणी टाकावी असा विचार केला होता, कर्जाचे कागदही आणले. डॉक्टरांना सांगितलं तर ते कपाळाला हात लावून म्हणाले, अहो, पिठानं होणारा दमा तर याच्याही आधीपासून माहीत आहे, बेकरीवाल्यांना होतो तो! आता चाकणला एका गोदामात डिस्पॅच बघतो. खोकी मोजायची, गाड्या लावायच्या. तेरा हजार. आकडा ४५० वर येऊन थांबलाय, त्याच्या पुढं जात नाही. एक पंप रोज रात्री ओढावाच लागतो.

मागच्या वर्षी मेव्हण्याच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांती होती. जिन्यातच छाती आवळल्यासारखी वाटली. वर फर्निचरचं काम अजून पुरतं झालेलं नव्हतं. पाहुणे यायच्या आधी एक कपाट उरकून घ्यावं म्हणून पहाटे पॉलिश मारलं होतं. मी दारातूनच मागं फिरलो. बायकोनं पुरणपोळीचं ताट खाली पार्किंगमध्ये आणून दिलं. तिथंच एका गाडीच्या आडोशाला पॉलिशवाला पोरगा गन धूत बसला होता. विशीचा असेल, राजस्थानकडचा. गळ्यात रुमाल, तोच तोंडाला बांधायचा. शेजारी दोन डबे, एक मोठा, एक लहान.

मी ताट बाजूला ठेवून लांबूनच विचारलं, "पीयू है क्या?"

"हाँ भैया, एकदम ग्लास फिनिश."

"रात को खाँसी होती है?"

"रात को तो सबको होती है," तो म्हणाला. मग लहान डबा उचलून माझ्याकडं धरला, मी घाबरलोय असं बघून धीर द्यायला. "ये वाला ठीक है भैया. इसमें तो बास ही नहीं आती."

मी दोन पावलं मागं सरकलो आणि त्याला डबा खाली ठेवायला सांगितला. मग तिथूनच, मध्ये एक गाडी ठेवून, अर्धा तास बोललो. त्यानं माझा नंबर घेतला, पिपाणी कुठं मिळते ते विचारलं. वरून त्याच्या शेठची हाक आली तसा रुमाल तोंडावर ओढून तो लिफ्टकडं गेला. अजून त्याचा फोन आलेला नाही.